जानुनी सेतुकृत्पातु

रामरक्षा पाठ करण्याचे वय आठ-दहा वर्षांचे असते. त्या वयात ती कानांतून थेट जिभेवर उतरते, वाटेत डोक्याचा संबंध येत नाही. पन्नाशीनंतर नेमके डोके मध्ये येते आणि सारा घोळ तिथेच सुरू होतो.

बुधकौशिक ऋषींनी हे स्तोत्र मुख्यतः अनुष्टुभात, म्हणजे आठ-आठ अक्षरांच्या चरणांत बांधून पाठांतराची सोय केली खरी. परंतु रामाने एकेक अवयव राखावा असे मागणाऱ्या कवचाच्या भागात जवळजवळ प्रत्येक ओळीत ‘पातु’, म्हणजे ‘राखो’, येत असल्यामुळे कोणत्याही अवयवावरून कोणत्याही अवयवावर घसरता येते. मी कंठावरून निघालो की नाभीवरच थांबतो. आमच्या आईला दाराची घंटा ऐकू येत नाही, पण गळलेला विसर्ग मात्र तिला स्वयंपाकघरात ऐकू येतो. “खांदे राहिले रे तुझे!” ती आतूनच बजावते. तिच्या लेखी कवचाचे नियम आरोग्य विम्याइतकेच कडक आहेत. जो अवयव म्हणायचा राहिला, त्याचा दावा नामंजूर.

शेवटी मी अर्थाला शरण गेलो. कवच मस्तकापासून पावलांपर्यंत उतरते आणि रामायणही त्याच्याबरोबर पुढे सरकते, हे तेव्हा ध्यानात आले. दशरथाचा पुत्र कपाळ राखतो, विश्वामित्राचा लाडका कान, शिवधनुष्य मोडणारा (अर्थातच) भुजा आणि परशुरामाला जिंकणारा हृदय. पावलांशी येईपर्यंत रावण संपलेला असतो व बिभीषणाला राज्य मिळालेले असते. एवढी चोख व्यवस्था हाताशी असल्यावर मी तो-तो अवयव चाचपत म्हणण्याची युक्ती काढली आणि तिचा सराव नागपूरच्या मेट्रोत सुरू केला.

छत्रपती चौकाला डोके, कपाळ, डोळे आणि कान उरकले. नाकाला हात लावताच शेजारची बाई पदर सावरून दूर सरकली. अजनीला मी छाती धरली, तेव्हा समोरच्या बाकावरचा तरुण सावध झाला. राहाटे कॉलनी येता येता मी वाकून गुडघे पकडले, तेव्हा मात्र तो उठलाच.

“काका, बसा तुम्ही. गुडघे लई दुखून राहिले का?”

बसायला जागा मिळत असताना अनुष्टुभाचा खुलासा करीत बसण्याइतका मी विद्वान नाही. मी बसलो. घरी आल्यावर हे फळ मी आईला कौतुकाने सांगितले.

“मिळणारच,” ती म्हणाली. “पण पुढे पोटऱ्या म्हटल्यास का?”