गावच्या दवाखान्यात कोरोनाची लस आली, पण गावासाठी नाही!

मे २०२१. आज सकाळी आमच्या आरोग्य केंद्राबाहेर गाड्यांची रांग. सगळ्या पुण्या-पिंपरीच्या. आशाताई, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, यादीतली नावं पुकारत होत्या आणि त्यात एकही नाव गावातलं नाही! माझी वहिनी पहाटेपासून आधार कार्ड घेऊन पायरीवर बसलेली. सिस्टर म्हणाल्या, "ताई, मोबाइलवर स्लॉट, म्हणजे लसीची वेळ, आधी बुक केला असेल तरच. पंचेचाळीसच्या आतल्यांना तसं देता येत नाही, वरून ऑर्डर आहे." वहिनीकडे बटणांचा मोबाइल, ती कुठनं स्लॉट काढणार? आम्ही काढून देतो म्हटलं, तर रेंजसाठी गच्चीवर चढायचं, ओटीपीची वाट बघायची, पिनकोड टाकेपर्यंत सगळं लाल. बुक्ड!

त्यातही संताप आला तो शेवटी. दहा डोसची वायल, म्हणजे लसीची बाटली, एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते. यादीतले दोघं आलेच नाहीत. वहिनी समोर बसलेली, बाही वर करून तयार. तरी दिली नाही. वायलमधले दोन डोस वाया घालवले, पण समोरच्या बाईला टोचलं नाही!

शहरातल्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनाही जीव आहे, तिकडे मिळत नाही म्हणून येतात बिचारी. राग आहे तो नियम करणाऱ्यांवर. १ मेपासून १८ च्या पुढच्या सगळ्यांना लस, असं जाहीर करून मोकळे झालात. डोस कुठायत? कोविशिल्ड बनते पुण्यात, हडपसरला, आणि आम्ही ताटकळतोय. एप्रिलमध्ये ११ ते १४ 'टीका उत्सव', म्हणजे लसीकरणाचा उत्सव, केलात, तेव्हा इथे डोस नाहीत म्हणून केंद्रांना कुलपं लागत होती. वर ती कॉलर ट्यून! दवाखान्यात फोन लावावा तर आधी लस घ्यायचा उपदेश ऐका. डोकं फिरतं.

पोलिओच्या वेळी कुणी ओटीपी मागितला होता का? रविवारी बूथ, मग घरोघर, पोराच्या बोटाला शाई, दारावर खडूची खूण. वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या कोप्या, एसटी स्टँड, काही सोडलं नाही. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तो या पायपिटीमुळे. कुठल्या घरात कोण आजारी, कोण बाळंतीण, हे आशाताईंना तोंडपाठ आहे. त्यांनाच आता परक्यांची नावं पुकारायला बसवलंय!

निम्मे डोस गावातल्यांसाठी ठेवा, त्यांची यादी आशाताईंना करू द्या, आणि उरलेला डोस समोर असेल त्याला टोचा. उद्या तालुक्याला लेखी देतोय. तुमच्याकडेही हेच चाललं असेल तर तुम्हीही द्या.