शेवटची एसटी आणि दुपारचे राग

विद्यापीठातली माझी पहिली मैफल मी अर्धीसुद्धा ऐकली नाही. वेळ साडेपाचची होती. दीपप्रज्वलन, सत्कार, चार मनोगतं होईस्तोवर साडेसहा वाजले. यमन रागाचा पहिला निषाद, म्हणजे नी, लागला तेव्हा मी दाराशी चपला शोधत होते, कारण गावाकडची शेवटची गाडी पावणेसातची. सकाळी निघतानाच बाबांनी बजावलं होतं, "गानं आयकजो, पन गाडी नको चुकवजो."

आज मी तालुक्याच्या गावी संगीत शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुली एसटीच्या पासवर येतात आणि त्यांचंही तेच होतं. 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं, म्हणजे विद्यापीठ मुलांच्या जवळ आलं. मैफलीची वेळ मात्र सगळीकडे शहरात राहणाऱ्यांच्याच सोयीची राहिली. मला हे मनापासून खुपतं.

म्हणून माझं एकच मागणं आहे. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या मैफली दुपारी एक ते चार या वेळेत ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे ते शक्य नाही, पण डिसेंबर ते फेब्रुवारी अगदी शक्य आहे.

यात गाण्याचं नुकसान तर नाहीच, उलट फायदा आहे. मैफली संध्याकाळच्या असल्यामुळे आपली मुलं यमन, पूरिया, बागेश्री ऐकतात. भीमपलास, पटदीप, मुलतानी हे दुपारचे राग त्यांना फक्त वहीत भेटतात. या तिघांच्या आरोहात, म्हणजे सूर चढताना, रे आणि ध वर्ज्य. भीमपलासचा कोमल, म्हणजे उतरलेला, नी शुद्ध केला की पटदीप दिसू लागतो. मग मध्यम, म्हणजे म, तीव्र झाला, वर सरकला, अवरोहातले, म्हणजे सूर उतरतानाचे, रे-ध कोमल झाले की मुलतानी, आणि दिवस कलल्याचं अंगाला कळतं. हे फळ्यावर शिकवून मी थकले. एका दुपारी एका बैठकीत हे तीन राग ओळीने ऐकले, तर मुलांना जन्मभर पुरेल.

आमच्याकडे मुलं स्टेजवर जातात ती युवा महोत्सवासाठी. 2003 पासून राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने इंद्रधनुष्य हा राज्यातल्या विद्यापीठांचा युवा महोत्सव होतो. त्यातून कितीतरी मुलं पुढे आली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण स्पर्धेत शास्त्रीय गायनाला मिळतात जेमतेम 15 मिनिटं. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभराचं असतं. मग आलाप आखडतो, ताना आधीच पाठ होतात, आणि राग म्हणजे घड्याळाशी शर्यत असं पोरांच्या मनात बसतं. तासभर एकच राग शांतपणे उलगडताना त्यांनी कधी ऐकलेला नसतो. ऐकल्याशिवाय गाणार तरी कसं?

"गावात शास्त्रीय कोण ऐकतं?" असं मला नेहमी विचारतात. या प्रश्नाचा मला राग येतो. ज्या मुलखात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर हजारोंना बसवून ठेवलं, जिथे गावोगावी अजून सामुदायिक प्रार्थना होते, झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं चालतात, तिथे कान नाहीत असं कसं म्हणता? इथला माणूस बसतो, ऐकतो. फक्त त्याला घरी पोचता आलं पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मंचप्रदर्शनाच्या परीक्षेची तालीम सगळ्यांसाठी खुली ठेवली. वर्गातली बाकं भिंतीला लावली, खाली सतरंजी घातली. तंबोरा मोबाईलवरचाच होता. दुपारी दीडला सुरुवात केली. भाषण नाही, सत्कार नाही. एका विद्यार्थिनीचे आजोबा आले होते, गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवणारे. शाळेत कधी गेले नाहीत. भीमपलासनंतर दुसऱ्या मुलीने मुलतानी सुरू केला, तसे ते सावरून बसले. संपल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, मंधातला तो सूर वर कुठी सरकला?"

तीव्र मध्यम. त्यांनी तो नेमका पकडला होता. मग त्या मुलीने पुन्हा आलाप घेतला, दोन्ही मध्यम त्यांना लावून दाखवले, एकदा, दोनदा, तीनदा. आजोबा डोळे मिटून मांडीवर ठेका धरून होते. चार वाजून गेले होते आणि त्यांची गाडी होती पाचची.