'डोळ्याबदल्यात डोळा' म्हणजे डोळा काढणं नव्हे

काल रात्री भाच्याचा फोन. "मामा, आपल्या तोरात खरंच डोळे काढायला सांगितलंय?" तोरा म्हणजे आम्हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ. त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ज्यूंच्या ग्रंथात डोळ्याबदल्यात डोळा काढायचा हुकूम आहे, परक्याला दयामाया नाही, आणि दूध-मटण एकत्र खाल्लं की कोड येतं म्हणून त्यांना ते वर्ज्य. नववीतल्या पोराला वर्गात याची उत्तरं द्यावी लागतात, याचा मला संताप आला.

आधी डोळ्याचं. शब्द आहेत, नाकारत नाही. तोराच्या 'मिशपातीम' या साप्ताहिक पाठात, 'निर्गम' या पुस्तकात २१:२४. तलमूदात, म्हणजे तोरावरच्या रब्बींच्या (धर्मपंडितांच्या) चर्चांच्या ग्रंथात, रब्बी एलिएझर 'अक्षरशः डोळाच' असंही म्हणतात. पण ते मत टिकलं नाही. तलमूदातल्या 'बावा कामा' या भागाची ८३-८४ ही पानं उघडा. रब्बी विचारतात, एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान, मग बरोबरी कशी करणार? मारणारा आधीच आंधळा असेल तर काय काढणार? डोळा काढताना त्याचा जीवच गेला तर? निकाल एकच : भरपाई पैशात. तीही पाच बाबींची, इजा, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि बेअब्रू. हे पाच हिशेब इ. स. २०० च्या सुमाराला सिद्ध झालेल्या मिश्नातच, म्हणजे तलमूदाच्या जुन्या गाभ्यातच आहेत. आणि मूळ ग्रंथातलंही पुढचं वाचा ना! दोनच वचनांनंतर म्हटलंय, मालकाने गुलामाचा डोळा फोडला तर त्याला मोकळं करावं. मालकाचा डोळा फोडा असं तिथे नाही.

परक्याचं तर सरळ खोटं आहे. याच पाठात दोनदा बजावलंय : परक्याला छळू नका, मिसरात (इजिप्तमध्ये) तुम्हीही परके होता.

राहिलं दूध-मटण. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका' ही आज्ञा तोरात तीनदा येते, कारण एकदाही दिलेलं नाही. मध्ययुगातले थोर ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस स्वतः वैद्य. त्यांनी हे अन्न जड म्हटलंय, एवढं मान्य. पण कोडाचं नाव त्यांनीही घेतलेलं नाही. आमच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यूंच्या घरांत मटणात नारळाचं दूध पडतं, जेवणानंतरचं गोडही नारळाच्याच दुधात होतं. आईची दुधाची पळी वेगळ्या खुंटीला असायची. का, विचारलं की म्हणायची, "सांगितलंय म्हणून." कोडाची भीती तिने कधी घातली नाही.

भाच्याला भरपाईच्या त्या पाच बाबींचे शब्द हिब्रूत लिहून पाठवलेत : नेझेक, त्साआर, रिप्पुय, शेवेत, बोशेत. उद्या तो ते ग्रुपवर टाकणार आहे.