समुद्राचा दोष मान्य, पण धरण सुटत नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की रिव्हर हेरिंग, म्हणजे समुद्रातून नदीत अंडी घालायला येणाऱ्या माशांच्या घटीवरच्या लेखात मी सगळं खापर धरणांवर फोडलं. फिश लॅडर, म्हणजे धरण ओलांडायला माशांसाठी केलेली पाण्याची पायऱ्यांची वाट, असली की मासा वर जातोच, मग घट झाली ती समुद्रात जाळी ओढणाऱ्या ट्रॉलर बोटींमुळे, असं तुम्ही लिहिता.

यातला समुद्राचा भाग मला पटतो. अमेरिकेत कनेटिकट नदीवरच्या होल्योक धरणात मासे वर उचलणारी लिफ्ट 1955 पासून आहे. तिथे 1985 मध्ये सहा लाखांवर ब्लूबॅक हेरिंग (रिव्हर हेरिंगची एक जात) मोजले गेले, 2006 मध्ये अवघे 21. लिफ्ट तर चालूच होती. दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत हेरिंग सापडतात, स्ट्राइप्ड बास हे मोठे शिकारी मासेही त्यांच्यावर ताव मारतात. हे लेखात यायलाच हवं होतं.

पण सेंट क्रॉय नदीचं काय? मेन राज्य आणि कॅनडाच्या सीमेवरची ही नदी. तिथे 1987 मध्ये 26 लाख एलवाइफ (रिव्हर हेरिंगची दुसरी जात) वर आले होते. हे मासे तळ्यातल्या बास माशांच्या मुळावर येतात, अशी गळ टाकणाऱ्यांना घेऊन जाणाऱ्या गाइड लोकांची तक्रार होती. त्यावरून 1995 मध्ये मेनच्या विधिमंडळाने कायदा करून लॅडरच बंद करायला लावल्या. उतार आधीच लागला होता, हे खरं. पण 2002 मध्ये नदीत आले फक्त 900. तिथल्या पासामाक्वोडी या मूळनिवासी लोकांनी हा प्रश्न लावून धरला. 2013 मध्ये कायदा बदलला, वाट मोकळी झाली, आणि काही वर्षांत आकडा पुन्हा लाखांत गेला. समुद्र तोच, ट्रॉलरही होतेच.

आणि 'लॅडर आहे म्हणजे झालं' हे तर मुळीच नाही. एप्रिल-मे मध्ये लॅडरच्या तोंडाशी दहा मिनिटं उभे राहून बघा. वीतभराहून थोडे मोठे, काळसर पाठीचे मासे प्रवाहाला तोंड करून एकाच जागी थरथरत असतात. एखादा जोर लावून वरच्या टप्प्यात जातो, बाकीचे मागे ढकलले जातात. मोजदाद होते ती वर गेलेल्यांची. ज्यांना तोंडच सापडलं नाही, ते कुठल्याच वहीत नाहीत.

परतीचा प्रवास आणखी अवघड. हेरिंग अंडी घालून मरतोच असं नाही. वाचला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो, आणि मोठ्या मादीची अंडीही जास्त. टर्बाइनमध्ये ही मोठी मासळी गेली, की वीण पहिल्यांदा येणाऱ्या तीन-चार वर्षांच्या माशांवरच येऊन पडते. मग एक हंगाम वाईट गेला, तर सावरून धरायला मागे कुणी उरत नाही.

होल्योकचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो आहे.