तरसधरे यांची थोरली पाती

मेजावर बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून आणि मोजपट्टीने अंतरे मोजून लढाया खेळण्याचा छंद मला चाळिशीत जडला. ज्या वयात इतरांना मधुमेह जडतो त्या वयात जडूनही तो रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून मातीचे मावळे मांडण्यात ज्याचे बालपण गेले, त्याने पुढे दुसरे काय करायचे, असा युक्तिवाद मी घरी केला होता आणि त्यावर कोणी काही बोलले नाही, हीच संमती समजून पानिपताची मांडणी केली.

ती चूक होती. १७६१ सालापासून महाराष्ट्रात प्रत्येक माणूस पानिपत पुन्हा लढून जिंकत आला आहे, याचा मला विसर पडला होता. घरी येणारा पाहुणा चहाचा कप हाती येण्यापूर्वीच इब्राहिमखानाच्या गारद्यांकडे बोट दाखवून नेमके काय चुकले ते सांगू लागे. आमच्या एका काकांनी तर बिस्किट खाता खाता होळकरांना दोन इंच पुढे सरकवले आणि मी ते पूर्ववत केले तेव्हा माझ्या निष्ठेविषयी शंका घेतली.

यावर इंग्रजांनी उपाय शोधून ठेवलेला आहे: खरा काळ घ्यावा, खरी शस्त्रे घ्यावीत, राज्य मात्र मनाचे रचावे. ब्राँटे भावंडांनी १८२६ साली वडिलांनी आणलेल्या लाकडी शिपायांवरून अख्खा मुलूख उभा केला होता. त्यांना जे पोरवयात जमले ते मला जमायला हरकत नव्हती. काळ म्हणून मी १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यानंतरची वर्षे निवडली, कारण त्या गडबडीत सह्याद्रीच्या एखाद्या खोऱ्यात एक संस्थान जास्त निघाले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, असा माझा हिशेब होता.

पहिली अडचण आडनावाची. मराठीत शिल्लक आडनावच नाही. ‘रणपिसे’ सुचले तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो आणि दुसऱ्याच दिवशी ते एका दवाखान्याच्या पाटीवर वाचले. वाघमारे आहेत, वाघधरेही आहेत. वाघाच्या बाबतीत करण्यासारखे कोणी काही शिल्लक ठेवलेले नाही. शेवटी तरसावर भागवले. मूळ पुरुषाने करवंदगडाच्या वाटेवर तरसाला कानाला धरून बसवले, म्हणून घराणे तरसधरे. हे ऐकून आईने विचारले, “यांचे कुलदैवत कोणते?” तिचे समाधान होईपर्यंत आठवडा गेला.

मग फौज. आमच्या प्रमाणात एक बाहुला म्हणजे वीस माणसे, तेव्हा बाराशे स्वारांसाठी साठ घोडेस्वार रंगवायचे होते. २८ मिलिमीटर उंचीच्या स्वाराची पगडी हरभऱ्याच्या डाळीएवढी असते आणि तिचे पेच दाखवायचे तर चार केसांच्या कुंचल्याने, श्वास रोखून, मिक्सर बंद असतानाच काम करावे लागते. एका अबलख घोड्याच्या पोटावरचा शेवटचा पांढरा ठिपका देत असताना कुकरची शिट्टी झाली. तो घोडा आता पंचकल्याणी नाही, अबलख नाही. घरात त्याला शिट्टी म्हणतात.

नियम लिहिताना तर मी स्वतःच्याच जाळ्यात अडकलो. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा; घोडा मेला तर शिलेदाराचा संसार बसला. तेव्हा त्याने तोफेसमोर जाण्यापूर्वी फासा टाकावा आणि पाच-सहा पडले तरच जावे, असे मी मोठ्या विद्वत्तेने लिहिले. परिणामी माझे निम्मे घोडदळ आजतागायत एका टेकडीमागे उभे राहून विचार करीत आहे.

शत्रू शोधायला मात्र दूर जावे लागले नाही. मराठी संस्थान म्हटले की भाऊबंदकी आपोआप उगवते. बँकेत नोकरीला असलेल्या माझ्या मित्राने धाकटी पाती घेतली आणि चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेल्या कागदावर, मोडी लिपीत, देशमुखी वतनाचा निम्मा वाटा मागणारे पत्र पाठवले. ते वाचण्यासाठी मला मोडीच्या वर्गात नाव घालावे लागले. दोन महिन्यांनी अर्थ लागला तेव्हा कळले की त्याने माझ्या पणजोबांच्या, म्हणजे तरसधऱ्यांच्या, औरसपणाविषयीच शंका घेतली आहे. मी तत्काळ युद्ध पुकारले.

आता दोघांचेही खजिने रिकामे होते. एकमेकांच्या हिशेबावर विश्वास नसल्याने सावकारी आम्ही माझ्या पत्नीकडे सोपवली. तिने वही घातली, दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याज ठरवले आणि तारण म्हणून माझी तीन गावे लिहून घेतली.

तीन वर्षांच्या तयारीनंतर गेल्या रविवारी मेज मांडले. माझी आघाडी घाट उतरू लागली तोच मित्राने त्या पत्रावरची तिथी दाखवली. “आषाढ आहे. नदीला पूर, वैरण भिजलेली आणि पावसात तुझ्या तोड्याच्या बंदुकांचा तोडा पेटणार कसा? सीमोल्लंघनाशिवाय फौज बाहेर काढायची नाही, हे तूच नियमात लिहिले आहेस.” मी नियम पाहिला. अक्षर माझेच होते.

तेव्हा साठही स्वार चपलांच्या खोक्यांत भरून दसऱ्यापर्यंत माळ्यावर छावणीला गेले आहेत. छावणीतही घोडा चंदी खातो, हाही नियम माझाच. काल सावकारांनी वही उघडून, चष्मा पुसून, दसऱ्यापर्यंतचे व्याज मोजले आणि करवंदगडावर पडदे कोणत्या रंगाचे शोभतील, असे मला विचारले.