अपील म्हणजे सुटका नव्हे

मारहाणीच्या खटल्यात शिक्षा झालेला आरोपी अपील दाखल करताच जामिनावर बाहेर येतो, म्हणजे शिक्षेला अर्थच उरत नाही, हा लेखातील सूर मला पटला नाही. अपिलाचा निकाल लागेपर्यंत न्यायालय शिक्षेची अंमलबजावणी स्थगित करू शकते, पण दोषसिद्धी, म्हणजे दोषी ठरवणारा निर्णय, पुसली जात नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि अपवादानेच मिळते. माजी क्रिकेटपटू आणि राजकारणी नवज्योतसिंग सिद्धू यांना ती 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळाली, म्हणूनच ते पोटनिवडणूक लढवू शकले.

त्याच प्रकरणाचा प्रवास पाहा. 1988 मध्ये पतियाळात गाडीवरून झालेल्या वादात 65 वर्षांच्या गृहस्थांना मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. सत्र न्यायालयाने 1999 मध्ये सिद्धू यांना निर्दोष सोडले, उच्च न्यायालयाने 2006 मध्ये सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची कैद दिली, तर सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये भारतीय दंड संहितेच्या केवळ कलम 323 (जाणूनबुजून दुखापत करणे) खाली दोषी धरून एक हजार रुपये दंडावर भागवले. मृताच्या कुटुंबीयांनी पुनर्विलोकन मागितले, तेव्हा 2022 मध्ये एक वर्षाची सक्तमजुरी झाली, म्हणजे त्या कलमाखालील कमाल कैद. मुष्टियोद्धा, पैलवान किंवा क्रिकेटपटू यांचा हातही शस्त्र ठरू शकतो, असे न्यायालयाने त्या वेळी नोंदवले, आणि ते मला रास्त वाटते.

माझा आक्षेप आहे तो चौतीस वर्षांना. अपिलाच्या हक्काला नाही.