कारखान्याची वीज, गवळ्याची गाय आणि एक चुकीचा हिशेब

नेस्ले कंपनीच्या उसगाव येथील कारखान्याच्या छायाचित्रासह एक संदेश सध्या फोंडा, डिचोली आणि सत्तरीतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : कंपनीचे कारखाने सौर आणि पवन ऊर्जेवर चालतात, म्हणून तिचे कार्बन उत्सर्जन शून्य झाले आहे, जे थोडेफार उरते ते झाडे लावून भरून निघते, किटकॅट तर पूर्णपणे ‘कार्बन न्यूट्रल’ (म्हणजे होणारे उत्सर्जन भरून काढलेले) आहे, आणि दुधापोटी होणारे प्रदूषण कंपनीचे नसून गुरे पाळणाऱ्यांचे आहे. वाळपईजवळ चार गायी सांभाळून सोसायटीला दूध घालणाऱ्या माझ्या भावजींनी हा मजकूर वाचून ‘आता गायींवर कर बसवणार की काय?’ असे मला विचारले. डेन्मार्कने 2030 पासून पशुधनाच्या उत्सर्जनावर कर लावायचे ठरवले आहे हे खरे; आपल्याकडे तसे काही नाही, एवढे सांगून त्यांची भीती घालवता आली. संदेश मात्र फिरतोच आहे, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

गंमत अशी की, या संदेशाला सर्वांत सडेतोड उत्तर कंपनीनेच देऊन ठेवले आहे. डिसेंबर 2020 मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या ‘नेट झिरो’ (उत्सर्जन घटवून, उरलेले शोषून घेऊन हिशेब शून्यावर आणण्याच्या) आराखड्यात 2018 सालचे, उद्दिष्टासाठी हिशेबात धरलेले उत्सर्जन 9 कोटी 20 लाख टन दिले आहे. त्यात कारखान्यांतील उत्पादनाचा वाटा सुमारे 70 लाख टनांचा, तर शेतातून आणि गोठ्यातून येणाऱ्या कच्च्या मालाचा 6 कोटी 56 लाख टनांचा. म्हणजे जगभरच्या सगळ्या कारखान्यांची वीज उद्या स्वच्छ झाली, तरी हिशेबाचा डोंगर जिथल्या तिथेच राहतो. विजेच्या बाबतीत कंपनीने खरोखर काम केले आहे आणि 2024 पर्यंत एकूण उत्सर्जन 2018 च्या तुलनेत सुमारे 20 टक्क्यांनी घटल्याचे ती सांगते, हे मान्य करायला हवे. पण तिचे स्वतःचे उद्दिष्ट 2030 पर्यंत निम्म्यावर आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्यावर येण्याचे आहे. जे तिने स्वतः 2050 साठी ठेवले, ते संदेशकर्त्याने आजच तिच्या पदरात घातले.

आता दुधाचा मुद्दा, जो सर्वांत खोडसाळ आहे. गायीच्या पोटातले सूक्ष्मजीव गवत आणि पेंढा पचवतात तेव्हा मिथेन तयार होतो आणि तो मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट आणि वीस वर्षांच्या मापाने सुमारे 80 पट उष्णता धरतो. हे सारे गोठ्यात घडते, यात वाद नाही. परंतु उत्सर्जन मोजण्याच्या सर्वमान्य पद्धतीत कंपनी जो माल विकत घेते, त्याचे उत्सर्जनही तिच्याच नावावर लागते, आणि याच आराखड्यात दूध व पशुधनापोटी 3 कोटी 42 लाख टन तिने स्वतः आपल्या खाती मांडले आहेत. कंपनी जे नाकारत नाही, ते तिच्या वतीने नाकारण्याची उठाठेव कशासाठी? एकच मिथेन शेतकऱ्याच्या, डेअरीच्या आणि चॉकलेटवाल्याच्या अशा तिन्ही हिशेबांत येतो आणि त्यामुळे सगळ्या कंपन्यांचे आकडे सरसकट एकत्र मिळवता येत नाहीत, एवढा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यामुळे कोणाचीच नोंद खोडली जात नाही. चांगला चारा, गोबरगॅस, गुरांचे आरोग्य या उपायांनी दर लिटरमागचे उत्सर्जन घटते, पण त्याला पैसा लागतो, आणि दर ठरवण्याची ताकद चार गायींच्या धन्याकडे नसून खरेदीदाराकडे असते. भावजींचे दूध तर कुर्टीच्या सहकारी डेअरीत जाते. त्यांच्या गायींचे ढेकर या कंपनीच्या खात्यात येतच नाहीत!

विचारायचेच असेल तर हे विचारावे की, दुग्धव्यवसायातील मिथेन मोजून जाहीर करण्यासाठी डिसेंबर 2023 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आघाडीतून ही कंपनी ऑक्टोबर 2025 मध्ये बाहेर का पडली. हवामानाची उद्दिष्टे कायम असल्याचे ती सांगते. मग सर्वांत मोठ्या वाट्याचा हिशेब इतरांसोबत मांडण्याचे व्यासपीठ सोडण्याचे प्रयोजन काय?

झाडांबद्दल फार लिहीत नाही. 2030 पर्यंत 20 कोटी झाडे लावण्याचा कंपनीचा संकल्प आहे. पण रोप कार्बन साठवते ते वर्षानुवर्षे वाढून, आणि साठवलेला कार्बन जळून परत जायला किती वेळ लागतो, हे मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यातल्या आगी पाहिलेल्या सत्तरीकरांना सांगायला नको.

राहिले किटकॅट. ते 2025 पर्यंत कार्बन न्यूट्रल करण्याची घोषणा 2021 मध्ये झाली होती खरी, परंतु 2023 मध्ये कंपनीने एकेका ब्रँडसाठी असे दावे करण्याचे धोरणच सोडून दिले. संदेशकर्त्यापर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.